तीनदा मार, मग धर

ही घटना खरी आहे. ज्यांना पटत नसेल त्यांनी पांढरकवड्याला यावं, हायवेच्या कडेचं युनूस मिस्त्रींचं गॅरेज विचारावं आणि त्यांच्यासमोर उभं राहून एवढंच म्हणावं, "मिस्त्री, ब्रेकची हवा काढायची आहे."

मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहावं.

तारीख गेल्या मे महिन्याची एकवीस. वार बुधवार. आणि वेळ… दुपारी सव्वाबाराची.

हो, दुपारचीच. भुतं रात्री फिरतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्याकडची मे महिन्यातली दुपार पाहिलेली नाही. पारा शेहेचाळीसला टेकलेला. ट्रकवालेसुद्धा कडुनिंबाखाली गाडी लावून झोपतात. सगळं गाव दारं लावून पडलेलं. रात्री निदान रातकिडे तरी असतात.

दुपारी काहीच नसतं.

त्यामुळे त्या वेळी जो आवाज येतो, तो ऐकू आला नाही असं म्हणायची सोय नसते.

युनूस मिस्त्रींचं वय अठ्ठावन्न. त्यातली तीस वर्षं गाड्यांखाली पाठीवर पडून गेलेली. माणूस ओळखायची त्यांची स्वतःची रीत होती. गिऱ्हाईक काय बोलतं इकडे ते कान देत नसत. डिपस्टिक ओढायची, ऑइल दोन बोटांत चोळायचं आणि गिऱ्हाइकाकडे पाहून हसायचं. त्यांच्या हिशेबाने जगात तीन तऱ्हेची माणसं. पहिली वेळेवर ऑइल बदलणारी. ही बायकोला घाबरतात. दुसरी वरून थोडं थोडं टाकत राहणारी. ही सगळ्यांनाच घाबरतात. तिसरी लाल दिवा लागला की गाडी विकून टाकणारी. ही कोणालाच घाबरत नाहीत आणि पुढे निवडणुकीला उभी राहतात.

फुलचंद राठोड या तिन्हींत बसत नसत.

केळापूरजवळच्या तांड्यावरचा हा माणूस. ट्रॅक्टर चालवता चालवता रस्त्यांचा ठेकेदार झाला, आणि ठेकेदार झाल्यावर लोक बंगला बांधतात तर याने हैदराबादहून एक जुनी परदेशी स्पोर्ट्स कार आणली. पिवळी. दोनच माणसं बसतील अशी. इतकी बुटकी की शेळीसुद्धा वरून पाहील. इंजिन मागे आणि डिक्की पुढे.

"फुलचंदभाऊ, गाडी उलटी आणली वाट्टे," गावाने पहिल्याच दिवशी म्हणून घेतलं.

गाडी वीस वर्षांची होती, पण फुलचंद तिला नव्या सुनेसारखं जपायचे. अशा गाडीला पळण्यापेक्षा उभं राहणं जास्त बाधतं, हे त्यांना युनूस मिस्त्रींनीच शिकवलं होतं. उभ्या गाडीतलं इंजिन ऑइल आंबतं. कूलंट आतून गंज धरतं. रबराचे पाइप वाळतात. आणि सगळ्यात लबाड ते ब्रेक ऑइल… ते बंद टाकीत बसून हवेतलं पाणी पीत राहतं. वरून दिसतं चांगलं. पण लांब उतारावर ब्रेक तापला की त्यातल्या पाण्याची वाफ होते, आणि पॅडल दाबलं की पाय सरळ खाली जातो. गाडी थांबत नाही.

म्हणून ते बदलायचं. नुसतं वरून टाकायचं नाही. जुनं सगळं बाहेर काढायचं.

हे काम एकट्याने होत नाही. एकाने चाकामागे पडून बारीक नळ उघडायचा, त्याला निपल म्हणतात. दुसऱ्याने सीटवर बसून पॅडल मारायचं. खालचा ओरडतो, "मार… मार… मार… धर!" वरचा पॅडल दाबून धरतो. खालचा निपल उघडतो, काळं ऑइल बाटलीत येतं, निपल बंद होतो. मग खालचा म्हणतो, "सोड." तो म्हणेपर्यंत वरच्याने पाय उचलायचा नाही. उचलला की हवा आत आणि मेहनत वाया.

दर वर्षी त्या सीटवर खुद्द फुलचंद बसायचे. दुसऱ्या कोणाला बसू द्यायचे नाहीत. त्यांच्या बोटात चांदीची जाड अंगठी होती. तीनदा पॅडल मारून पाय घट्ट धरला की ते खिडकीतून हात बाहेर काढून दारावर अंगठी वाजवायचे.

टक्.

म्हणजे, धरलं आहे. तू तुझं काम कर.

काम झालं की मिस्त्री ऑइलच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर तारीख, किलोमीटर आणि काय काय बदललं ते लिहायचे आणि वायरने पुढच्या डिक्कीत बांधायचे. युनूस मिस्त्रींचा पुठ्ठा म्हणजे शब्द, असं फुलचंद चारचौघांत सांगत फिरायचे.

आता खरी अडचण इथेच आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात त्या गाडीचं ब्रेक ऑइल नागपूरहून यायचं होतं. बसने पार्सल. ते आलं नाही. फुलचंदना दुपारीच निघायचं होतं. गॅरेजात चार माणसं बसलेली आणि फुलचंद त्यांना सांगत होते, "हैदराबादचा मिस्त्री हात लावायले घाबरला, आपला युनूस पाहा."

अशा वेळी "नाही झालं" असं तोंडातून निघायला वेगळा माणूस लागतो.

मिस्त्रींनी टाकीतलं वरचं काळं ऑइल सिरिंजने ओढून घेतलं. शिल्लक होतं त्यातलं नवं वरून भरलं. टाकीत पाहिलं तर पिवळंधमक. पाइपांत मात्र जुनंच. आठ दिवसांनी बोलावून घेऊ, पार्सल आलं की करून टाकू, असं मनाशी म्हणाले. आणि पुठ्ठ्यावर लिहिलं…

ब्रेक ऑइल बदललं.

संध्याकाळी यवतमाळ रोडवरच्या लांब उतारावर गाडी वळणाला न वळता सरळ शेतात गेली. गाडीला दोन ओरखडे. फुलचंद दारातून फेकले गेले, डोकं पुलाच्या कठड्यावर आपटून जागीच गेले.

गाव म्हणालं, रोही आडवा आला असेल. त्या भागात रोही, म्हणजे नीलगाई, खूप. मिस्त्रींनीही मान हलवली. रोह्याला काय, त्याला कोणी विचारायला जाणार नव्हतं.

पार्सल दुसऱ्या दिवशी आलं. ती ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली मिस्त्रींनी पत्र्याच्या रॅकवर ठेवली. कोणाच्याच गाडीत टाकली नाही. फेकलीही नाही. दोन वर्षं ती तिथेच धूळ खात होती.

आणि गेल्या वर्षी, एकोणीस मेच्या सोमवारी, फुलचंदची मुलगी निकिता ती पिवळी गाडी ट्रकवर लादून घेऊन आली.

"चाचा, चालू करून द्या. बुधवारी चार वाजता नेतो."

निकिता नागपूरला औषधाच्या कंपनीत कामाला. बापासारखीच उंच, बापासारखंच समोरच्याच्या डोळ्यांत पाहून बोलणं.

"बेटा, दोन वर्षं उभी हाय गाडी. विकून टाक नं."

"विकाची नाई. बा म्हणत होते याडीले ह्या गाडीत पोहरादेवीले नेतो. दरसाल म्हणत होते. आता मी नेतो." याडी म्हणजे आई, आणि पोहरादेवी म्हणजे बंजाऱ्यांची काशी.

"कोणत्या रस्त्यानं?"

हे मिस्त्रींनी विचारायला नको होतं.

"एकच तं रस्ता हाय चाचा. यवतमाळवरून. तोच उतार." तिने गाडीवर हात ठेवला. "म्हणून तं तुमच्याकडं आणली. दुसऱ्याच्या हातचा भरोसा नाई."

ती गेल्यावर मिस्त्रींनी पुढची डिक्की उघडली. पुठ्ठा होता तिथेच होता. वायर गंजली होती. अक्षर मात्र गंजलं नव्हतं.

त्यांचा जोडीदार मिस्त्री आदिलाबादला लग्नाला गेला होता, पंचवीस तारखेशिवाय येणार नव्हता. तरी त्यांनी कामाला सुरुवात केली. गाडी चार लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, उचलली. बॅटरी काढून बाकावर चार्जिंगला लावली. इंजिन ऑइल काढलं, डांबरासारखं निघालं. कूलंट काढलं, चहासारखं लाल. गिअरबॉक्सचं ऑइल, दोन्ही फिल्टर, पट्टा. सोमवार त्यात गेला. ब्रेक ऑइलची नवी बाटली नागपूरहून मागवली, आणि या वेळी ती वेळेवर आली. तिला काय माहीत आधीच्या बाटलीच्या उशिराची किंमत कोणी मोजली होती.

मंगळवारी दुपारी मिस्त्री बाकावर आडवे झाले होते. लाइट गेलेली. पंखा बंद.

फस्…

त्यांनी डोळे उघडले.

फस्… फस्…

हा आवाज तीस वर्षं ऐकलेला. ब्रेकच्या पॅडलचा.

मग थोडी शांतता. आणि…

टक्.

मिस्त्री उठून गाडीपाशी गेले. चारी काचा खाली. आत कोणी नाही. उन्हाने पत्रा तापतो, ताणतो, वाजतो, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. गिऱ्हाइकांना अशी कारणं ते रोज द्यायचे; स्वतःला पहिल्यांदाच देत होते.

शेजारी पंक्चरच्या टपरीत रूपसिंग झोपला होता. त्याला हलवलं.

"तू त्या गाडीत बसलता का रे?"

"कोण, मी? या उन्हात? मिस्त्री, तुमाले ऊन लागलं. कांदा खिशात ठेवा."

परत आले तेव्हा मिस्त्री दारातच थांबले.

रॅकवर धुळीत एक गोल होता. स्वच्छ, बाटलीच्या बुडाएवढा. बाटली तिथे नव्हती.

ती पिवळ्या गाडीच्या पुढच्या झाकणावर उभी होती.

सील तसंच. लेबल समोरच्या बाजूने वळवलेलं, दुकानात मांडतात तसं.

मिस्त्रींनी ती उचलून परत रॅकवर ठेवली आणि त्या दिवशी गॅरेज लवकर बंद केलं. घरी जेवले नाहीत. त्यांची बायको आरिफा तीस वर्षांच्या अनुभवाने नवऱ्याचं न जेवणं वाचू शकत होती. ऑइल बघून गिऱ्हाईक ओळखायची विद्या मिस्त्रींनी तिच्याकडूनच उचलली असावी. ती ताट बघून ओळखायची.

"काहून घास उतरत नाई? काही लपवून राह्यले का?"

"उद्या ब्रेकची हवा काढाची हाय. माणूस नाई."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग मी बसतो नं. डबा घेऊन येतोच बारा वाजता. पायच तं माराचा हाय."

तर आता बुधवार. एकवीस मे. सव्वाबारा.

आरिफा डबा घेऊन आली. मिस्त्रींनी तिला सीटवर बसवलं, कसं मारायचं, कसं धरायचं ते समजावलं. टाकीत नवं ऑइल भरलं. मग सगळ्यात लांबचं चाक पहिलं, म्हणून मागच्या डाव्या चाकामागे जाऊन पडले. निपलला पाइप लावला. पाइपचं टोक रिकाम्या बाटलीत सोडलं.

वरून आरिफा काहीतरी बोलली. पत्र्याखाली नीट ऐकू आलं नाही.

"हूं," मिस्त्री म्हणाले. "मार."

फस्.

"मार… मार…"

फस्… फस्…

"धर!"

टक्.

निपल उघडला. काळंभोर ऑइल निघालं, बुडबुडे सोडत. बंद केला. "सोड." पॅडल वर आलं. पुन्हा. मार, मार, मार, धर. टक्. दहा-बारा वेळा. एकदाही चुकलं नाही. काळ्याचं तांबडं झालं, तांबड्याचं पिवळं. मिस्त्रींना बरं वाटलं. पहिल्यांदा बसणारा माणूस हटकून पाय लवकर उचलतो. आरिफाने एकदाही उचलला नव्हता.

टक् कशाची, हे त्यांच्या मनात आलंच नाही. हाताला सवय होती, कानालाही.

ते बाहेर सरकले. "वा बेगम! आता तुलेच कामावर ठेवतो."

सीट रिकामी होती.

आरिफा बाहेर कडुनिंबाखाली रांजणाजवळ उभी होती. हातात ग्लास.

"केव्हा उतरली तू?"

"अजी, मी तं तेव्हाच उतरली. सीट एवढी मागं हाय, पायच पुरत नाई. म्हटलं तुमाले, पाय पुरून नाई राह्यला, उतरतो. तुम्ही हूं म्हणाले."

"मग पॅडल कोणी मारलं?"

"मी एकदाबी नाई मारलं."

मिस्त्रींच्या हातातल्या बाटलीत अर्धा लिटर काळं ऑइल होतं. ते आपोआप निघत नसतं.

ती सीट फुलचंदच्या लांब पायांसाठी मागे सरकवलेली होती. मिस्त्रींनी तिच्यावर हात ठेवला. बाहेर पत्र्याला हात लावला तर फोड येईल असं ऊन, आणि सीट…

सीट गार होती.

"आरिफा, तू घरी जा."

"तुम्ही?"

"तीन चाकं राह्यली."

आरिफा घरी गेली नाही. कडुनिंबाखाली बसली, डोक्यावर पदर घेतला आणि तोंडातल्या तोंडात पढत राहिली.

मिस्त्रींना पळून जाता आलं असतं. तीन चाकं तशीच ठेवून टाकी पिवळीधमक करता आली असती. पुठ्ठा लिहायला दोन मिनिटं लागतात. पण चार वाजता निकिता येणार होती, शेजारच्या सीटवर आई बसणार होती, आणि तोच उतार होता.

ते मागच्या उजव्या चाकामागे पडले.

"मार," ते हळूच म्हणाले. विचारल्यासारखं.

काही नाही.

"मार… भाऊ."

फस्.

त्या चाकाला पंधरा मिनिटं लागली. पुढच्या डाव्याला दहा. खालचं आणि वरचं काम असं जुळलं होतं, जसं दर वर्षी जुळायचं. पुढच्या उजव्या चाकाला ते आले तेव्हा ड्रायव्हरचं दार त्यांच्या डोक्यापासून हातभर. टक् आता कानाजवळ वाजत होती. पाहायची हिंमत झाली नाही. शेवटचं ऑइल पिवळं आलं, एकही बुडबुडा नाही. निपल आवळला.

"सोड."

पॅडल वर आल्याचा आवाज नाही.

"सोड, भाऊ. झालं."

शांतता.

मिस्त्री गुडघ्यावर उठले आणि दारातून आत पाहिलं. सीटवर कोणी नव्हतं. पण पॅडल खाली होतं. घट्ट दाबलेलं. त्याचं रबर एका कोपऱ्यात दबलं होतं, बुटाखाली दबतं तसं. मिस्त्रींनी हात घालून ते वर ओढलं. केसभरही हललं नाही. एखाद्या दणकट माणसाचं वजन त्यावर होतं.

आणि मागे गॅरेजच्या भिंतीवर लाल उजेड पडला होता.

ब्रेकचे दोन्ही दिवे जळत होते.

बॅटरी बाकावर होती. वायर सुटलेली.

"भाऊ," मिस्त्री म्हणाले, "मले माहीत हाय. मी त्या दिवशी बदललं नव्हतं. माफ करा."

दिवे जळतच राहिले.

मिस्त्रींनी सगळं करून पाहिलं. बॅटरी जोडली, गाडी घोड्यांवरून उतरवली, पॅडलला तेल दिलं. पॅडल तसंच. दोन तास. एखादा माणूस "सोड" म्हणायची वाट पाहत बसावा, पण नुसतं तेवढं त्याला पुरत नसावं, अजून काही ऐकायचं राहिलं असावं, तसं.

पावणेचारला रिक्षा थांबली. निकिता उतरली. मागून मानीबाई, तिची आई. हातात नारळ, उदबत्ती, डब्यात लापशी.

निकिता गाडीला फेरी मारून मागे थांबली.

"चाचा, ब्रेकचे लाइट काहून जळून राह्यले? आत तं कोणी नाई."

मिस्त्रींचं तोंड सवयीने उघडलं. "जुनी गाडी हाय बेटा. स्विच अटकला असंल."

"पण ब्रेकचं काम झालं नं?"

"झालं. चारी चाकं."

"मागच्या वेळेसारखं पक्कं?"

तिने सहज विचारलं होतं. तिला काहीच माहीत नव्हतं. डिक्की उघडून तिने तो जुना पुठ्ठा बाहेर काढला होता, बापाची आठवण म्हणून पर्समध्ये ठेवायला. अंगठ्याने ती धूळ पुसत होती. नेमकी त्या ओळीवरची.

भिंतीवरचा लाल उजेड अजून तसाच.

"बेटा," मिस्त्री म्हणाले, "तो पुठ्ठा खोटा हाय."

"काय?"

"मी ब्रेक ऑइल बदललं नव्हतं. वरून टाकलं होतं. पार्सल आलं नव्हतं, चार लोकं बसले होते, मले नाई झालं म्हणायची शरम वाटली. तुह्या बानं पुठ्ठा वाचला, माह्यावर भरोसा ठेवला, अन् गेले."



मग गाडीतून एक आवाज आला. दमलेल्या माणसाने श्वास सोडावा तसा. पॅडल सावकाश वर आलं.

भिंतीवरचा उजेड विझला.

निकिता त्या पुठ्ठ्याकडे पाहत उभी होती. पण बोलल्या त्या मानीबाई.

"म्हणजे रोही नव्हता."

"नाई, भाभी."

"दोन वर्षं मी त्या जनावराले शिव्याशाप देऊन राह्यली." त्यांनी हातातला नारळ खाली ठेवला. "अन् तू दर ईदले डबा पाठवत होता."



"याडी, चाल घरी," निकिता म्हणाली. "मले ही गाडी नाई न्यायची."

"गाडी जाईन," मानीबाई म्हणाल्या. "पण पहिले मी नाई बसत." त्यांनी मिस्त्रींकडे बोट केलं. "हा बसंल. ह्याच्या हातचं ब्रेक हाय नं? मंग उतारावर माह्या पोरीच्या बाजूले हाच बसंल. ती उतार उतरून परत आली का मी बसतो."

मिस्त्री मुकाट्याने बसले.

चौदा किलोमीटर. निकिता चांगली चालवत होती, पण तिचे डोळे पुन्हापुन्हा भरून येत होते आणि ती ते पुसत नव्हती. उताराच्या माथ्यावर तिने एकदा थांबून ब्रेक पाहिला. पॅडल दगडासारखं. गाडी जागच्या जागी थांबली.

"बरोबर हाय," ती म्हणाली. एवढंच.

मग उतार लागला. खाली तो पूल, ते वळण. दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली रिकामी शेतं. गाडीने वेग धरला.

आणि डावीकडच्या शेताच्या बांधावरून तो उठला…

रोही.

खराखुरा. काळपट, घोड्याएवढा. सरळ रस्त्याच्या मधोमध येऊन उभा राहिला आणि गाडीकडे पाहू लागला.

मिस्त्रींना ओरडायचं होतं. त्यांचे दोन्ही पाय आपोआप समोर रेटले गेले, जिथे पॅडल नव्हतं तिथे.

गाडी बसली. चारी चाकांवर, अगदी सरळ, रेघ आखल्यासारखी. टायरचा धूर पुढे निघून गेला. रोह्यापासून दोन हातांवर गाडी उभी.

रोह्याने मान हलवली. सावकाश पलीकडच्या शेतात उतरला.

मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले. "शाबास बेटा. वेळेवर मारला."

मग त्यांनी पाहिलं. निकिता दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसली होती. गुडघे वर घेतलेले, पोटाशी, लहान मूल भीतीने घेतं तसे. दोन्ही पाय सीटवर.

"चाचा," ती म्हणाली, "मी नाई मारला."

खाली पॅडल दाबलेलं होतं.

आणि तिच्या बाजूच्या दारावर, बाहेरून…

टक्.

"सोड" कोणी म्हणायचं, ते दोघांनाही कळत नव्हतं. शेवटी निकिताच म्हणाली. खूप हळू. पॅडल वर आलं.

त्या दिवशी मानीबाई पोहरादेवीला जाऊन आल्या. त्याच गाडीतून. नारळही फोडला म्हणतात. निघायच्या आधी निकिताने नवा पुठ्ठा मागून घेतला होता. "जे केलं तेच लिहा," म्हणाली. मिस्त्रींनी लिहिलं. अक्षर वाकडं आलं. तिने माफ केलं की नाही, ते तिने सांगितलं नाही. ईदचा डबा मात्र या वर्षी परत आला, झाकण न उघडता.

मिस्त्री अजून गॅरेज चालवतात. बारा ते दोन दारं बंद ठेवतात. गिऱ्हाइकाला "नाही झालं" म्हणायला शिकले आहेत; इतकं तोंडावर म्हणतात की गिऱ्हाइकं चिडतात. आरिफा त्यांना दुपारी एकटं सोडत नाही.

हे सगळं आत्ता सांगायचं कारण असं, की पुन्हा मे महिना लागला आहे. परवा दुपारी मिस्त्रींचा फोन वाजला.

"चाचा, निकिता बोलतो. एकवीस तारखेले गाडी आणून राह्यली. ब्रेक ऑइल बदलाचं हाय."

मिस्त्री म्हणाले, "बेटा, नागपुरात मोठमोठे गॅरेज हाय. मशीनवर करतात. तिकडं दाखव नं."

"दाखवली होती."

"मग?"

"पॅडल दबलंच नाई त्यांच्याकडं. तिघं मिळून दाबून राह्यले होते." मग ती म्हणाली, "तुम्हीच करा चाचा. अन् पॅडलवर बसायले माणूस पाहू नका."

फोन बंद झाला. मिस्त्री तसाच कानाला धरून उभे राहिले. गॅरेजात त्या वेळी एकही गाडी नव्हती. लाइट गेलेली. पंखा बंद.

आणि पत्र्याच्या रॅकवर, जिथे ती सीलबंद बाटली अजून उभी आहे तिथून…

टक्.